शव्वालचे सहा

ईद होऊन आठवडा उलटला आणि मास्तरने पुन्हा रोजे धरले. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. शहरातल्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी जिथे धुवायला येतात, त्या मोठ्या धुलाईघरात तो रोलरवर होता. ओली चादर एका बाजूने आत सोडायची, ती तापलेल्या रुळाखालून कडक होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर येते. सोळा वर्षं तो दुसऱ्यांच्या झोपेच्या सुरकुत्या काढत होता, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. घरातही तेच नाव रुळलं होतं.

पहिल्या दिवशी पहाटे तो स्वयंपाकघरात एकटाच दूध-पाव खाताना बायकोला दिसला.

"शव्वालचे सहा ठेवताय का?" तिने विचारलं.

"हूं," मास्तर म्हणाला.

बस, एका हुंकारावर भागलं. धड खोटंही बोलावं लागलं नाही.

रमजानचे रोजे पुरे करून जो पुढच्या महिन्यात, शव्वालमध्ये, आणखी सहा ठेवतो, त्याला वर्षभराच्या रोजांचं पुण्य मिळतं, असं सांगितलेलं आहे. त्याची सक्ती नाही. हे नफ्ल, म्हणजे आपल्या खुशीचे. ठेवले तर उत्तम, नाही ठेवले तर कुणी जाब विचारत नाही. म्हणूनच जो ठेवतो त्याला लोक जरा आदराने सलाम करतात. पण त्या सांगण्यात 'पुरे करून' असे दोन शब्द आहेत, आणि मास्तरचा घास नेमका तिथे अडकत होता. त्याचे रमजानचे रोजे पुरे झालेच नव्हते. सहा त्याने खाल्ले होते. आता ठेवत होता ते त्या खाल्लेल्यांच्या बदल्यातले होते, कजा. लोकांना वाटत होतं हा वरचे देतोय, आणि हा बुडवलेले गुपचूप जागेवर ठेवत होता.

झालं असं होतं. रमजानच्या मध्यावर धुलाईघरात कामाचा डोंगर आला. रोलरपाशी तशीही अंगाची लाही लाही होते, त्यात एका दुपारी मास्तरला गरगरलं. भिंतीला धरून उभा राहिला, दोन मिनिटांत ठीकही झाला. त्या दिवशीचा रोजा त्याने नीट पार पाडला. पण रात्री झोपताना मनात आलं, उद्याचा एक दिवस नको ठेवायला. आजारी माणसाला सूट आहेच की. आता तो आजारी होता का, हे त्याने स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. तरीही पहाटे बायकोने उठवलं तेव्हा तो उठला, सगळ्यांबरोबर बसून खाल्लं, सगळ्यांबरोबर दुआसाठी ओठही हलवले. फक्त मनात रोजाचा संकल्प, नियत, केली नाही. आणि अकराच्या सुमारास फाटक्या चादरींच्या खोलीत, गाठोड्यावर बसून, त्याने चहा घेतला आणि दोन बनपाव खाल्ले.

तो चहा त्याला फार आवडला. हेच तर वाईट झालं. नुसता कोरडा घास घशाखाली ढकलला असता तर कदाचित दुसऱ्या दिवशी पाय त्या खोलीकडे वळले नसते. दुसऱ्या दिवशी गरगरत नव्हतं, डोकंही दुखत नव्हतं, तरी अकराला तो गाठोड्यावर होताच. मांजर डोळे मिटून दूध पितं तसे त्याचे सहा दिवस गेले. संध्याकाळी घरी आल्यावर तोंड सुकल्यासारखं करायचा, अजान झाली की पाण्याचा पेला घटाघटा रिकामा करायचा, इतका की अम्मी म्हणायची, "हळू रे, ठसका लागेल. कसल्या भट्टीत काम करतं माझं पोर." खाल्ल्याची लाज वाटायची ती वाटायचीच, पण त्या घटाघटा पिण्याची आठवण झाली की मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सहाव्या दिवशी त्याच्या मुलीने, वय वर्षं अकरा, पहिल्यांदाच सबंध रोजा ठेवला. संध्याकाळी चेहरा एवढासा झालेला, पण डोळे चमकत होते. अजान झाल्यावर तिने पहिला खजूर स्वतः न खाता बापाच्या तोंडाशी धरला.

"बाबा, तुम्हाला रोज एवढी भूक लागते?" तिने विचारलं. "आणि वर काम पण करता?"

मास्तरने खजूर खाल्ला. तो कसा गिळला ते त्याचं त्याला ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत तो गेला नाही, आणि पोरीने मात्र रोज पहिला खजूर बापाला द्यायची रीतच पाडली.

तर असे हे सहा. ईदनंतर मनाशी म्हणाला, गुपचूप ठेवून टाकू, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकली राहिली तरी बोभाटा व्हायचा तो झालाच, फक्त उलटा. अम्मीने शेजारणीला सांगितलं. शेजारणीने आपल्या नवऱ्याला टोमणा मारला. कोपऱ्यावरचा शिंपी मशिदीच्या पायऱ्यांवर चपला घालताना म्हणाला, "मास्तर, तुमचं बघून मीसुद्धा दोन ठेवले." मास्तरने "अरे वा" म्हटलं आणि दुसऱ्याचीच चप्पल पायात घालून पन्नास पावलं गेला. खाई त्याला खवखवे म्हणतात. याचा तर घसाच बसला होता.

आणि हे सगळं एक वेळ पचलं असतं, पण या घरात रोजा खाण्याची एक जुनी गोष्ट होती, आणि त्या गोष्टीत मास्तर फिर्यादी होता.

तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि त्याचा थोरला भाऊ एकोणीसचा. रमजानचेच दिवस. धाकटा चेंडू शोधत इमारतीच्या जिन्याखाली गेला, तर तिथे भाई उकिडवा बसून पाव खात होता. भाईने ओठांवर बोट ठेवलं. धाकट्याने मान डोलावली. आणि संध्याकाळी, सगळे दस्तरखानाच्या चादरीभोवती जेवायला बसलेले, अजानला दोन-चार मिनिटं असताना, तो खणखणीत आवाजात म्हणाला, "अब्बा, भाईने आज खाल्लं. मी बघितलं."

अब्बांनी हात उगारला नाही. शांतपणे म्हणाले, "ज्याला रोजा नाही, त्याला इफ्तार कशाला? उद्यापासून इथे बसू नकोस." भाई उठून दाराशी जाऊन बसला, आणि नंतर तिथूनही उठला. अम्मी काही बोलली नाही. ईदनंतर अब्बांचा राग जरा निवळला, पण चुलत-आते भावंडांना नाव सापडलं होतं, चोरघास. ते नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं हे कुणाला आठवत नसलं तरी मास्तरला आठवत होतं. पुढच्या वर्षी भाई दुसऱ्या शहरात कामाला गेला. लिफ्ट बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम. "लोकांना वर पाठवतो, पण जिवंत," असं तो म्हणायचा, असं दुसऱ्यांकडून कळायचं. अब्बांच्या मयतीला आला तेव्हा पाणी पिऊन गेला. पंचवीस वर्षांत त्याने या घरात घास मोडला नव्हता.

मास्तरच्या चौथ्या रोजाच्या दिवशी सुट्टी होती. दुपारी साडेबाराला दारावर थाप पडली, आणि दारात भाई उभा. डोक्यावरचे केस अर्धे गेलेले, खांद्यावर हत्यारांची पिशवी, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

"अम्मीने बोलावलंय," तो म्हणाला. जणू आपण का आलो याचा खुलासा दारातच द्यायला हवा होता.

अम्मीने खरंच बोलावलं होतं, नातीकडून फोन लावून, कुणाला पत्ता लागू न देता. तिचं म्हणणं साधं होतं. "माझे गुडघे गेले, आता डोळे चाललेत. ते जायच्या आधी माझी दोन पोरं एका ताटात जेवताना मला बघायचीत. मेल्यावर काय बघणार?" भाईने आधी नाही म्हटलं होतं. मग आठ दिवसांनी स्वतःच फोन करून येतो म्हणाला.

आल्या आल्या तो बसला नाही. कागद सोडला, तर आत स्टीलचा दांडा होता. न्हाणीघराच्या भिंतीत त्याने ड्रिलने चार भोकं पाडली, प्लग ठोकले, दांडा बसवला, स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं आणि मग अम्मीला हाताला धरून नेलं. "आता उठताना याला धरायचं. भिंतीला नाही." अम्मी दांडा धरून चारदा उठली, चारदा बसली. मास्तर दारात उभा राहून बघत होता. रोज याच न्हाणीघरात तो अम्मीला हात देऊन उठवायचा, आणि भिंतीला एक दांडा लावावा हे त्याला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मग ताट आलं. एकच, मोठं. भात, बटाटा घातलेलं मटण, बाजूला रोट्या. अम्मी भिंतीला टेकून खुर्चीत बसली, सिनेमाला बसल्यासारखी. मास्तरच्या बायकोने पाणी ठेवलं. भाईने हात धुतले, मांडी घातली, रोटीचा तुकडा मोडला आणि ताटाची अर्धी बाजू मोकळी ठेवून वर पाहिलं.

"बस," तो म्हणाला.

मास्तर उभाच. "भाई, माझा रोजा आहे."

"ठाऊक आहे," अम्मीच बोलली. "मी सगळं विचारून घेतलंय इमामसाहेबांच्या बायकोला. नफ्लचा आहे ना? पाहुण्याचं मन राखायला सोडता येतो. बदल्यात नंतर एक ठेवायचा. उलट पाहुण्याला एकट्याला जेवायला लावणं बरं नव्हे. बस आता, निवतंय."

अम्मीचं अगदी बरोबर होतं. नफ्ल असता तर त्याने हसत सोडला असता. पण कजाचा रोजा असा कुणाच्या मनासाठी सोडता येत नाही. तो आधीच एकदा बुडवलेला, त्याला दुसऱ्यांदा बुडवायचं तर फाटक्या चादरींच्या खोलीत जाऊन बसल्यासारखंच होतं, फरक एवढाच की या वेळी समोर अम्मी असती. आणि तो का सोडता येत नाही हे सांगायचं, तर तो कशाचा आहे हे सांगावं लागणार. दाराआडून पोरगी बघत होती.

"आज नको," तो म्हणाला. "आज जमणार नाही."

"का?" भाईने विचारलं.

"तसंच."

भाईच्या हातातला तुकडा हातातच राहिला. "चार तास बसमध्ये बसून आलोय मी," तो सावकाश म्हणाला. "तुला फक्त एक रोजा पुढे ढकलायचाय. आणि तो पण खुशीचा."

मास्तर खाली बसला नाही.

"बरं," भाई म्हणाला. तुकडा ताटात ठेवला. "तुझं चुकत नाही. रोजाच्या बाबतीत तू पहिल्यापासूनच पक्का." त्यात कुचकेपणा नव्हता, तो खरंच तसं मानत होता. त्याने हात धुतले, अम्मीच्या डोक्याला डोकं टेकवलं, "पाचची बस आहे, पण आधीची मिळाली तर बघतो," म्हणाला आणि पिशवी उचलली. अम्मी बोलली नाही. पंचवीस वर्षांपूर्वीही ती बोलली नव्हती. ती ताटाकडे बघत राहिली, आणि मास्तरला तिचं ते बघणं सोसेना.

तो मागोमाग धावला. भाई दोन मजले उतरून गेला होता. खालच्या मजल्यावर लिफ्टच्या दाराला 'बंद आहे' अशी पाटी गेले सात महिने टांगलेली होती, आणि धंद्याचा माणूस असल्यामुळे रागातसुद्धा भाईचे पाय तिथे थबकले होते. तो जाळीतून आत डोकावत होता.

"भाई."

"जा वर. अम्मीला जेवायला घाल."

"हा नफ्लचा नाहीये."

भाईने मान वळवली.

"कजाचा आहे," मास्तर म्हणाला. एकदा सुरुवात झाल्यावर शब्द भराभर आले. "या रमजानमधला. मी खाल्ले. आजारी नव्हतो, प्रवासात नव्हतो. कामावर लपून चहा प्यायलो, पाव खाल्ला, आणि घरी येऊन तहानेचं सोंग केलं. आता भरतोय, आणि घरात सगळ्यांना वाटतंय मी शव्वालचे ठेवतोय. मी वाटू दिलं."

"किती?"

"सहा."

भाईने जाळीवरचा हात खाली घेतला. "सहा," तो म्हणाला. "मी एकच खाल्ला होता."

मास्तरने मान खाली घातली.

"आणि तो मी भरलासुद्धा. ईदच्या तिसऱ्या दिवशी. बसस्टॉपवर केळं खाऊन सोडला."

"कुणाला बोलला नाहीस कधी?"

"कुणी विचारलं?" भाई म्हणाला. त्याने लिफ्टच्या दारावरची धूळ बोटाने पुसली आणि ते बोट पँटला पुसलं. "तू कुठे खायचास?"

"फाटक्या चादरी ठेवतात त्या खोलीत."

"बरी जागा आहे. जिन्याखाली पाय आखडतात. कुणी पाहिलं नाही?"

"नाही."

"नशीब तुझं."

मास्तरच्या तोंडून निघून गेलं, "मी लहान होतो, भाई. अकरा वर्षांचा."

"लहान होतास, कबूल. त्याचं मी कधीच मनात धरलं नाही. पोरं बोलतात." भाईने जाळीकडे पाठ केली. "पण नंतर मोठा झालास की रे. माझ्या लग्नात, वरातीत, माझ्या सासऱ्यासमोर चोरघास म्हणून हाक मारलीस, तेव्हा बावीसचा होतास."

मास्तरला ती वरात आठवली, लोक हसले होते तेही आठवलं, आणि आपल्याला किती मजा वाटली होती तेही. तो पायरीवर बसला. चूक झाली, एवढंच कसंबसं म्हणाला, आणि ते शब्द त्याला त्याच्याच कानाला फार तोकडे वाटले.

भाईने माफ केलं असं काही म्हटलं नाही. घड्याळ पाहिलं. "मगरिबची अजान किती वाजता आहे?"

"सातला चार कमी."

"पाचनंतर बस?"

"साडेनऊची. शेवटची."

भाईने पिशवी खांद्यावर नीट केली आणि तो जिना चढू लागला. "चल," तो म्हणाला. "ताट झाकून ठेवायला सांग. एकत्रच जेवायचं ना तिला? मग तुझा रोजा सुटेपर्यंत थांबू."

वर आल्यावर अम्मीला एवढंच कळलं की थोरला थांबतोय आणि धाकट्याबरोबर इफ्तारलाच जेवणार आहे. तिचा चेहरा उजळला. "बघितलंस?" ती सुनेला म्हणाली. "धाकट्याने रोजा मोडला नाही, त्याचीच ही बरकत. अल्लाने थोरल्याचं मन वळवलं." आणि मास्तरच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली मास्तर आक्रसून बसला.

दुपार संपता संपेना. सकाळी घर सोडल्यापासून भाईने काही खाल्लं नव्हतं, आणि आता खायला तयारही नव्हता. पोरगी त्याच्याभोवती घुटमळत होती.

"मोठे बाबा, तुमचा तर रोजा नाही. तुम्ही का नाही जेवत?"

"तुझ्या बापाची सोबत करतोय."

"भूक नाही लागली?"

"लागलीय की. भूक काय, लागते आणि राहते."

अम्मी खुर्चीतून बोलत होती. बऱ्याच वर्षांनी दोन्ही पोरं एका खोलीत सापडल्यावर तिची जीभ सैल सुटली होती. "आता तूसुद्धा धाकट्यासारखे ठेवत जा," तिने थोरल्याला सांगितलं. "वय झालं तुझं. जुनं गेलं ते गेलं, पण आता तरी सुधारायला हवं. याच्याकडे बघ. दिवसभर त्या भट्टीत उभा राहतो, रमजानचा एक रोजा सोडला नाही, वर हे सहा."

भाईने "हो अम्मी" म्हटलं. एवढंच. त्याने मास्तरकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, भुवई उडवली असती, तर मास्तरला बरं वाटलं असतं. पण भाई खरोखरच तोंड मिटून बसला होता. एके काळी त्याने ओठांवर बोट ठेवून अकरा वर्षांच्या पोराकडे जे मागितलं होतं, ते तो आता न मागता देत होता. मास्तरला वाटलं, याने चारचौघांत माझी लक्तरं काढली असती तर मी सुटलो असतो.

सातला दहा कमी असताना दस्तरखान पसरला. मध्ये ते मोठं ताट, झाकलेलं. खजूर, पाणी. मास्तरची बायको बसली, अम्मीची खुर्ची जवळ ओढली, पोरीने बापाशेजारची जागा पकडली. भाई मात्र सगळ्यांत टोकाला, दाराला लागून बसला. तिथे बस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या अंगाला ती सवय अजून होती, आणि ते मास्तरशिवाय कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पोरीने खजूर उचलून तयार धरला. अम्मी तिच्याकडे कौतुकाने बघत म्हणाली, "बापावर गेलीय अगदी. तो तुझ्याएवढा होता ना, तेव्हापासून त्याला खोटं म्हणून खपायचं नाही. सख्ख्या भावाचंसुद्धा लपवलं नाही त्याने."

भाई पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. अजानला दोन-चार मिनिटं होती.

"अम्मी," मास्तर म्हणाला, "मी रमजानमध्ये खाल्लं. सहा दिवस. कुणी बघितलं नाही."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग पटकन पोरीकडे.

"हे शव्वालचे नाहीत," तो पुढे म्हणाला. थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं. "तेच भरतोय. भाईने दुपारी सोडायला सांगितला तेव्हा म्हणून सोडता आला नाही. आणि भाईने खाल्लेला रोजा त्याने त्याच वर्षी, ईदच्या तिसऱ्या दिवशी भरला होता. आपल्यातल्या कुणी विचारलं नाही."

पोरीचा खजूर धरलेला हात अर्ध्यावर आला होता. ती बापाकडे बघत राहिली. रागाने नव्हे, एखादं गणित पुन्हा तपासून पाहावं तशी. तिला ती सहावी संध्याकाळ आठवत असणार. मग तिने खजूर परत वाटीत ठेवला आणि हात मांडीवर घेतला. मास्तरला जे जे सोसायचं होतं त्यात हे सगळ्यांत जड गेलं.

अजान सुरू झाली. कुणी हललं नाही. अम्मीचे ओठ हलत होते, पण दुआसाठी की आणखी कशासाठी ते कळत नव्हतं.

भाईने टोकावरून हात लांब करून वाटीतला तोच खजूर उचलला आणि मास्तरच्या समोर धरला.

"सोड," तो म्हणाला. "वेळ झाल्यावर उशीर करू नये."

मास्तरने रोजा सोडला. पाणी प्यायला, या वेळी हळू. तो पिऊन होईपर्यंत भाईने आपला पेला तसाच हातात धरून ठेवला होता.

अम्मीने खुर्चीतून वाकून ताटावरचं झाकण काढलं. मास्तरकडे न बघता ती थोरल्याकडे वळली.

"दाराशी का बसलास रे?" ती म्हणाली. "मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. आत सरक."

भाईला जागा हवी होती, म्हणून मास्तर उठला आणि दाराशी जाऊन बसला.